समुद्रकाठचा बस्ता

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा समुद्राशी कोणत्याही प्रकारचा व्यवहार आजवर झालेला नसून, तो पुढे व्हावा अशी तरतूद सृष्टिकर्त्यानेही केलेली दिसत नाही. नांदेडहून जवळात जवळचा समुद्र गाठायचा म्हटले तर पक्ष्यालासुद्धा चारशे किलोमीटरांहून अधिक उडावे लागते. आमची गोदावरी, जी त्र्यंबकेश्वरी अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर जन्मास येते, तिनेही त्या शेजाऱ्याकडे एकदाही मान न वळवता पूर्वेची वाट धरली आणि १४६५ किलोमीटरांची पायपीट करून बंगालच्या उपसागराचा आश्रय केला. आणि लातूरकडची मांजरा पुढे गोदावरीलाच जाऊन मिळत असल्यामुळे लातूरच्या पत्र्यांवरून ओघळलेला पावसाचा थेंबदेखील, वाटेत कोणी त्याला घागरीत पकडला नाही तर, अरबी समुद्राचे तोंड पाहत नाही.

अशा मुलखात पाण्याविषयी जी अदब असते ती किनाऱ्यावरच्या माणसास समजावून सांगणे कठीण आहे. २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलमाखाली जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला, आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून ‘जलदूत’ नावाची आगगाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन स्थानकात दाखल झाली, तेव्हा शहराने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेने लातूरकर स्वतःच्या व्याह्याकडेही पाहत नाहीत. पाण्याभोवती पाच माणसांनी जमू नये हा कायदा ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी चावडीवर वाचला, त्याच शहरातील दीडशे माणसांनी आता रेशमी वस्त्रे परिधान करून, वाजतगाजत, आमंत्रणपत्रिका हातात धरून पाण्याभोवती जमावे, अशी प्रस्तुत काळाची मागणी आहे. आणि गंमत अशी की लातूरहून सोलापूर, मिरज, कोल्हापूर असे करीत गोव्यास जाणारे हे वऱ्हाड ज्या मिरजेवरून पुढे सरकते, तेथूनच ते पाणी आले होते. शासनाच्याही मनात आमची आणि समुद्राची गाठ घालून देण्याचे आहेच. पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरांचा शक्तिपीठ महामार्ग नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून नेण्याचे त्याने योजिले. परंतु ज्यांच्या जमिनी त्यात जायच्या त्या शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी मोजणीलाच हरकत घेतल्यामुळे तूर्त तरी नवरीची गाडी जुन्याच रस्त्याने, जुनेच खड्डे मोजीत जाते.

माझे एक लातूरचे स्नेही मोंढ्यात आडतीचे दुकान चालवतात. त्यांची कन्या लातूर पॅटर्नच्या घाण्यातून दहावी-बारावी पार करून, पुढे पुण्यास संगणकाच्या कंपनीत रुजू झाली आणि तेथे तिने आपले लग्नही ठरवले, त्याअर्थी मुलगा शोधण्याचा खर्च वाचला होता. हा वाचलेला खर्च लक्षात आणून देऊन तिने कुटुंबाच्या दरबारात दरखास्त पेश केली की विवाह गोव्याच्या समुद्रकिनारी, वाळूवर, सूर्यास्ताच्या सुमारास व्हावा. दरखास्त ऐकून पित्याने प्रथम डोळे मिटले. आणि मग मनातल्या मनात हिशेब मांडला. लातुरात लग्न केले तर मोंढ्यातले सर्व हमाल, मापाडी, खरेदीदार, त्यांचे भाऊबंद आणि भाऊबंदांचे ट्रॅक्टरभर शेजारी धरून किमान दोन हजार पाने उठणार. गोव्यास केले तर कोणी येणार नाही, आणि आले नाहीत म्हणून राग मात्र त्यांनाच स्वतःचा यावा अशी सोय होणार. समुद्राचे सौंदर्य ज्या अनेक मार्गांनी मनुष्याच्या अंतःकरणात शिरते त्यांत वजाबाकी हाही एक मार्ग आहे, हे मला त्या दिवशी उमगले. दरखास्त मंजूर झाली.

मला या प्रकरणात गोवण्यात आले ते वस्त्रशास्त्राचा जाणकार म्हणून. माझे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या हिशेबखात्यात होते, आणि मिलच्या दाराशी गेलेला मनुष्य कापड ओळखतोच, व त्याचा मुलगा तर अधिकच ओळखतो, अशी लातूरकरांची समजूत आहे. निजामी अमदानीत नांदेडची तलम मलमल नावाजलेली होती, हेही मी पूर्वी कधीतरी त्यांच्यापुढे अभिमानाने बोलून गेलो होतो. सबब, बस्त्याच्या दिवशी मला नांदेडहून बोलावणे आले.

मराठवाड्यात बस्ता बांधणे म्हणजे कापड खरेदी करणे, असे जो समजतो त्याने एकही बस्ता पाहिलेला नाही. बस्ता हा एक मुकदमा असतो. त्यात फिर्यादी असतात, साक्षीदार असतात, वकील असतात, पूर्वीच्या लग्नांतले दाखले काढले जातात (“तुमच्या थोरलीच्या वेळी माझ्या जावेला कोणती साडी दिली होती, ते मी विसरले नाही!”), मध्येच चहासाठी काम तहकूब होते, आणि ज्या एका व्यक्तीस ते वस्त्र प्रत्यक्ष नेसायचे असते ती कोपऱ्यात तक्क्याला टेकून, आरोपी बसतो तशी, निकालाची वाट पाहत बसते. हा मुकदमा लातुरात भरतो तो बहुधा गंजगोलाईत. १९१७ साली आखलेल्या या बाजारपेठेच्या मध्यभागी जगदंबेचे मंदिर असून तेथून सोळा रस्ते सोळा दिशांना फुटतात. दिशा दहाच असताना लातूरकरांनी उरलेल्या सहा कोठून मिळवल्या हे बस्ता बांधायला गेलेल्या स्त्रियांच्या घोळक्यामागून फिरताना ध्यानात येते.

दोन जीप भरून आम्ही दुकानाच्या गादीवर आसनस्थ झालो. प्रथम तुळजापूरच्या भवानीचा आणि माहूरच्या रेणुकेचा खण-नारळ बाजूला निघाला. देवींनी वस्त्राबद्दल कोणतीही तक्रार केली नाही. तक्रारीस तेथून पुढे प्रारंभ झाला. दाखवणाऱ्या मुलाने हात जोडून, “नवरीची कशात बघायची? शालूत का पैठणीत?” असा नेहमीचा प्रश्न केला, त्यावर कन्येने शांतपणे सांगितले, “समुद्रावर नेसायची आहे.” मुलाने मालकाकडे पाहिले. मालकाने हिशेबाच्या वहीतून मान वर केली. त्या दुकानात तीन पिढ्यांत हळदीची, साखरपुड्याची, ओटीभरणाची, एकसष्टीची साडी विकली गेली होती. समुद्राची साडी कोणी मागितली नव्हती.

कन्येने मोबाइलच्या पडद्यावर एक चित्र पुढे केले. त्यात एक गोरी तरुणी अनवाणी पायांनी वाळूवर उभी असून तिच्या अंगावर शुभ्र, पायघोळ, वाऱ्याने मागे फेकला गेलेला झगा होता, आणि तिच्या चेहऱ्यावर, आपला एकही नातलग दृष्टिपथात नसल्याचे अपूर्व समाधान होते. चित्र हातोहात फिरत आत्याबाईंपर्यंत गेले.

“पांढरं?” आत्याबाई म्हणाल्या. “मायबाई! लग्नात?”

वस्तुतः ही चाल काही फार पुरातन नाही. १८४० साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या विवाहसमयी शुभ्र वस्त्र धारण केले, तेव्हापासून तिची नक्कल प्रथम तिच्या देशातील धनिकांनी व मग हळूहळू साऱ्या युरोपखंडाने केली. तो शुभ्र रंग पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा प्रवास करून गंजगोलाईच्या दारापर्यंत येऊन पोहोचला होता आणि आत्याबाईंनी त्याला उंबऱ्यावर अडवले होते. मुलीची बाजू सावरण्याच्या हेतूने मी ही हकिकत निवेदन केली, आणि तीच राणी पुढे पती निवर्तल्यावर चाळीस वर्षे काळी वस्त्रे वापरीत होती, असेही ओघात सांगितले. आत्याबाईंनी क्षणभर विचार करून निकाल दिला, “लग्नात पांढरं आन् मागं काळं! समदं उलटंच की तिचं.” त्यापुढे व्हिक्टोरिया राणीचा विषय निघाला नाही.

आता वाऱ्याचा प्रश्न पुढे आला. सागरी वारा हा लहरी नसून नियमाने चालणारा आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची हवा धावत येते. रात्री हाच कारभार उलटा होतो. म्हणजे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत, ज्या वेळी हल्लीच्या वधूंना छायाचित्रे काढून घ्यायची असतात नेमक्या त्या वेळी, समुद्र आपली सारी हवा किनाऱ्याकडे रवाना करीत असतो. हे सर्व मी समजावून सांगितल्यावर नवरीच्या मामांनी, जे ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे दुकान चालवतात आणि ज्यांचा प्रयोगावर विश्वास आहे, मालकांना स्टँडचा पंखा मागितला. पंखा गादीच्या कडेला उभा करून त्याला समुद्र नेमण्यात आले, कन्येला तिच्या सलवार-कुर्त्यावरूनच एकामागून एक साड्या गुंडाळण्यात आल्या, आणि मामांनी बटण तीनवर केले.

प्रथम ऑर्गन्झाची जबानी झाली. पंख्याचे पाते फिरताच तिचा पदर खांद्यावरून सुटला, शेजारच्या काकूंच्या चेहऱ्यावर बसला, आणि काकूंनी तो काढेपर्यंत त्यांच्या पावडरीचा अर्धा थर त्यावर उमटला. शिफॉन आणि जॉर्जेट या दोघी निऱ्यांत वारा भरून घेऊन पुढून फुगल्या, तेव्हा आत्याबाईंनी दोन शब्दांत असा अभिप्राय दिला की तो येथे लिहिता येत नाही. पैठणीने मात्र हूं की चूं केले नाही. पंखा तिच्यावर आदळत होता आणि ती आपल्या मोरांसह निश्चल उभी होती. काठाची जर आणि अंगचे रेशीम यांच्या भाराने वारा हतबल झाला होता. सर्वांच्या मुद्रा उजळल्या. येथे मला बोलणे भाग पडले. वारा जिला हलवू शकत नाही तिला मीठ हलवू शकते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सुकले की रेशमावर डाग राहतो, आणि चांदीच्या जरीला खारी हवा काळवंडून टाकते, असे मी म्हणताच मामांनी चहावाल्या पोराकडून चिमूटभर मीठ आणि पेलाभर पाणी मागवले. मीठ पाण्यात विरघळले, मामांचे बोट त्यात बुडाले, आणि ते बोट पैठणीच्या काठाकडे निघाले असतानाच, इतका वेळ गिऱ्हाईकाला परमेश्वर मानून बसलेले मालक गादीवरून असे उठले की त्या वयात त्यांना तसे उठता येते हे त्यांच्या मुलांनाही ठाऊक नसावे. प्रयोग एका हातरुमालावर उरकण्यात आला. निष्पन्न काही झाले नाही, पण मामांचे समाधान झाले.

या सगळ्या गलबल्यात माझ्या मनात एक वेगळाच विचार घोळत होता. वाऱ्यात फडकण्यासाठीच जे कापड विणले जाते ते तर आमच्याच घरचे आहे. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणलेल्या खादीपासून नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या कार्यशाळेत, राष्ट्रध्वज तयार होतात आणि दूरदूरच्या सरकारी इमारतींवर डौलाने फडकतात. ठरलेल्या मापांतला सर्वांत मोठा ध्वज २१ फूट लांब असतो. नऊवारी लुगडे २७ फूट भरते! याचा अर्थ, एका वधूच्या अंगावर आपण सर्वांत मोठ्या ध्वजाहून सहा फूट अधिक लांबीचे कापड चढवतो, तिला भर वाऱ्यात उभी करतो, आणि ध्वजाला जो खांब आणि जी दोरी दिलेली असते ती न देता तिने मंदस्मित करावे अशी अपेक्षा धरतो. हा विचार मी बोलून दाखवला नाही, कारण तोपर्यंत मुकदमा मानपानाच्या साड्यांकडे वळला होता, आणि तेथे ध्वजसंहितेहून कडक संहिता लागू असते.

समुद्राशी ज्यांचा पिढीजात संबंध आहे ते लोक अशा वेळी काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. ते वाळूवर लग्नच करीत नाहीत. कोळ्याच्या घरचा मांडव घरापुढे पडतो. वाळूवर त्याची मासळी वाळत असते, होड्या ओढलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात. तेथे लग्न लावणे म्हणजे आमच्याकडे मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगावर लावण्यापैकी होय. समुद्राला त्याचा मान तो नारळी पौर्णिमेला देतो आणि मग आपापली कामे करू लागतो. गोव्यातला ख्रिस्ती मनुष्य लग्न लावतो ते चर्चमध्ये. तेथे पांढऱ्या झग्याचा रिवाज आहे खरा, पण त्यांच्यातही वराकडून वधूला तांबडे वस्त्र यायचे असते, त्याला ते साडो म्हणतात, आणि ते बेतायला शिंप्याने कात्री लावली की फटाके वाजवण्याची त्यांची जुनी रीत आहे. हे मी आत्याबाईंना सांगितले तेव्हा त्या गोव्याबद्दल प्रथमच थोड्या मऊ झाल्या. “मंग त्येंच्यात बी आपल्यावानीच हाय की,” त्या म्हणाल्या, आणि शिंप्याचा एवढा मान ठेवणाऱ्या प्रांतात लग्न करायला त्यांची फारशी हरकत उरली नाही.

तोडगा निघाला तो मुलीच्या आजीकडून. आजी सकाळपासून भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येते अशी समजूत असल्यामुळे त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. पंखा तिसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा त्या उठल्या, पंख्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि मामांना म्हणाल्या, “वाढव, किती वाढवतूस त्ये.” पंखा आधीच तीनवर होता. त्यांच्या अंगावर इरकली लुगडे होते, कासोटा मागे घट्ट खोचलेला, पदर कमरेला आवळलेला. त्या लुगड्याचा एक धागा हलला नाही. “जल्मभर ज्वारीच्या रानात वाऱ्याला उभी ऱ्हायले. वैशाखाचं वावधान काय कमी असतंय व्हय? कासोट्याचं लुगडं नेसव तिला. पाणी आलं तरी वर खोचून पळता येतंय.”

विचार करता हे अक्षरशः खरे होते. ज्या कोळणी समुद्राच्या पाण्यात गुडघाभर उतरून टोपल्या उचलतात त्या नऊवारी नेसतात, चापून, घोट्याच्या वर. आणि ज्या आमच्याकडच्या बायका चिखलात गुडघाभर उतरून भाताची नसली तरी उसाची लावण करतात त्याही तेच नेसतात. दोन भूभागांमध्ये चारशे किलोमीटरांचे अंतर आणि एक सह्याद्री असताना दोघींनी एकच तजवीज करून ठेवली होती, आणि तिच्याविषयी शहाण्यासुरत्या माणसांनी भरलेल्या दोन जिपांपैकी एकालाही सुचले नव्हते. कन्येने डोळे मोठे करून आजीकडे पाहिले. नऊवारीला तिची हरकत नव्हती, उलट पुण्यात तिच्या मैत्रिणी शिवलेली नऊवारी पायजम्याप्रमाणे चढवून मिरवतात असे तिने सांगितले. हरकत होती ती फक्त रंगाला आणि वजनाला. अखेर तहनामा असा ठरला: मुहूर्ताला मामांनी आणायची पिवळी, पण ती सुती आणि नऊवारी, आजीच्या हातची नेसवलेली, मुहूर्तानंतर छायाचित्रांसाठी फिक्या मोतिया रंगाची हलकी सहावारी, जिचा काठ आत्याबाईंच्या आग्रहास्तव तांबडा, आणि पैठणी घ्यायची, बरोबर न्यायची, सर्वांना दाखवायची, परंतु पेटीबाहेर काढायची नाही. तिघी पक्षकारांनी मान्यता दिली. चौथा पक्षकार, म्हणजे मुलीचा बाप, बिल पाहून काही बोलला नाही. एका लग्नासाठी नवरीच्या तीन साड्या होणे हे लातुरातही घडलेच असते, एवढे मात्र तो नंतर मला एकांतात म्हणाला.

नवरदेवाच्या पोशाखाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. शेरवानी, फेटा, मोजडी. मोजडीत वाळू जाते.

सहावारीचे उडणे मात्र अजून शिल्लक होते, आणि ते मामांनी अंगावर घेतले. साडीला फॉल लावतात तो मुळात खालचा काठ जड व्हावा, पायाशी नीट पडावा म्हणूनच. तेव्हा फॉल अधिक जड केला की प्रश्न सुटतो, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो चुकीचा नव्हता. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या झग्यांच्या काठांतही वाऱ्याच्या भीतीने शिशाची छोटी वजने शिवलेली असत. मामांनी आपल्या दुकानातून मूठभर लोखंडी वायसर आणले आणि ते फॉलच्या आत, वीत-वीत अंतरावर शिवून द्यावेत असे फॉल-पिकोवाल्या बाईंस सांगितले. बाईंनी एक वायसर हातात घेतला, जिभेला लावला, आणि परत दिला. “गंजंल,” त्या म्हणाल्या. “खारं पानी लागलं की मोतिया साडीला तांबडे ठिपके येतील. पितळंचे आना.” मी मिलवाल्याचा मुलगा असून ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, हे त्यांनी माझ्याकडे पाहून न बोलता सांगितले. पितळेचे आणण्यात आले. साडी पूर्ण झाल्यावर ती उचलली की खालून बारीक किणकिण येई. कन्येने ती ऐकून पैंजणांचा खर्च वाचला असे म्हटले, आणि मला तिच्या बापाची आठवण झाली.

मुहूर्त गुरुजींनी काढला तो माघ शुद्ध दशमीचा, गोरज. गुरुजी लातूरचेच. पंचांगात तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाचही अंगे त्यांनी तपासली होती. त्याच तिथीवरून समुद्राचे वेळापत्रकही ठरते हे जाणून घेण्याची त्यांना जरुरी कधी पडली नव्हती. गोव्यास मांडव घालणारा एक मालवणी म्हातारा होता. त्याने बांबू रोवता रोवता सहज विचारले की तिथी कोणती, आणि दशमी ऐकताच बोटे मोजून हिशेब केला. किनाऱ्यावर जुन्या माणसांचा ढोबळ आडाखा असा की तिथीची पाऊणपट करावी, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पुरी होते. जागेप्रमाणे थोडे मागेपुढे. “धाची पाऊणपट साडेसात,” म्हातारा म्हणाला. “म्हंजे तुमचो मुहूर्त भरतीत. मांडव मागे घेवा.” गुरुजी प्रथम रागावले, मग त्यांनी म्हाताऱ्याकडून तो आडाखा नीट समजून घेतला व पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला. लातुरात त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले नाही. मांडव नारळीच्या झाडांपर्यंत मागे सरकला.

लग्नाच्या दिवशी वारा आला तो मामांच्या पंख्यापेक्षा जरा अधिक, म्हणजे असा पंखा असता तर त्याचे बटण पाचवर गेले असते. पण आजीने नेसवलेली पिवळी नऊवारी, लातूरच्या फडताळातून काढून आणल्याइतकी स्वस्थ राहिली. आत्याबाईंची नारायणपेठ, काकूंची कांजीवरम, व्याहीणबाईंची नाव न सांगता येणारी भारी साडी, या सर्व फडफडत होत्या. नवरी तेवढी फडफडत नव्हती. बरोबर गोरज वेळेला किनाऱ्यावरून तीन-चार गाई खरोखरच आल्या, कारण गोव्याच्या वाळूवर गाई हिंडतातच, आणि त्यांना पाहून गुरुजींचा चेहरा इतका उजळला की त्यांनी मंगलाष्टकांचा सूर एक पट्टी वर धरला. अक्षता पहिल्याच कडव्याला टाकणारांच्याच तोंडावर परत आल्या. समुद्राकडे पाठ करून उभे राहिलेले पाहुणे सुखी होते, समुद्राकडे तोंड केलेले तांदूळ थुंकत होते, आणि दोघांनीही जागा बदलली नाही.

मात्र एका वस्त्राचा विचार कोणीच केला नव्हता. वधूच्या तीन साड्या, वराचा फेटा, मानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, उपरणी, सगळ्याची दोन-दोनदा छाननी झाली होती. आंतरपाटासाठी म्हणून बस्त्याच्या गठ्ठ्यातले सर्वांत हलके उपरणे शेवटी कोणीतरी उचलून दिले होते. दोन्ही बाजूंनी धरणारे दोघे जण लातूरचे, धडधाकट, पोती उचलणारे. वाऱ्याने ते उपरणे पहिल्या ‘सावधान’ला मध्येच फुगवले, दुसऱ्याला वर उचलले, आणि तिसऱ्याला ते दोघांच्या हातांतून सुटून नारळीच्या झावळीवर जाऊन बसले. अजून दोन कडवी बाकी असताना वधूवर एकमेकांसमोर उघडे पडले, आणि एकमेकांकडे पाहून, पुण्यात गेली चार वर्षे रोज पाहत असूनही, भलतेच लाजले.

आत्याबाई पुढे सरसावल्या. मुहूर्त आधीच लागला काय, की लागलाच नाही, की पुन्हा लावावा लागेल, आणि पुन्हा लावायचा तर दशमी किती वाजेपर्यंत आहे, असे चार प्रश्न त्यांनी एका श्वासात केले. सगळा मांडव गप्प झाला. गुरुजींनी झावळीवरच्या उपरण्याकडे पाहिले, पुढे सरकत आलेल्या पाण्याच्या रेषेकडे पाहिले, घड्याळ पाहिले.

“आंतरपाट दूर व्हावा, एवढंच ठरलेलं आहे,” ते म्हणाले. “कुणी करावा, हे सांगितलेलं नाही. दूर झाला. हार घाला.”

मामांनी दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो म्हणून घाई केली आणि उरलेली दोन कडवी वेगात आटोपली. गुरुजींनी दक्षिणा घेताना, किनाऱ्यावरच्या विवाहाला दर वेगळा असावा, असे हळूच सुचवले. मुलीच्या बापाने ते मान्य केले, कारण जेवणाची पाने मोजून दीडशेच झाली होती.

सहावारी साडी नेसून झाली तेव्हा सूर्य बुडून गेला होता.